कासवाच्या पिल्लांचं पुढे काय झालं?

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर मार्चमध्ये पहाटे गेलं, की जाळीच्या कुंपणात वाळूवर उपड्या घातलेल्या टोपल्या दिसतात. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण शंभरेक अंडी घालून समुद्रात परत जाते. गावकरी ती अंडी उचलून कुंपणात पुन्हा पुरतात, पन्नासेक दिवस राखण करतात आणि मग एका सकाळी टोपलीखाली वाळू हलू लागते. तळहाताच्या खळग्यात मावतील एवढी काळपट पिल्लं ओल्या वाळूवर सोडली, की ती कुणी न सांगता पाण्याकडे निघतात. लाट त्यांना दोनदा मागे टाकते, तिसऱ्यांदा ओढून घेते. त्या दिवशी माझी भाची बरोबर होती. शेवटचं पिल्लू फेसात दिसेनासं झालं तशी ती म्हणाली, "मामानू, आता ह्यांचा फुडे काय होतला?"

हाच प्रश्न मी पूर्वी एकदा एका पुस्तकाच्या शेवटाला येऊन स्वतःला विचारला होता. इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड' या अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिकेतलं ते दुसरं पुस्तक, 'द लाइट फॅन्टॅस्टिक', १९८६ सालचं. या मालिकेतलं जग ताटासारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे, आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे राहून अवकाशातून प्रवास करतात. पुस्तकाच्या शेवटी अंडी फुटतात आणि आठ पिल्लं बाहेर येतात. प्रत्येकाच्या पाठीवर चार हत्तींची बछडी, आणि त्यांच्यावर एक इवलंसं नवं जग. ती पिल्लं कासवामागून निघतात आणि पुस्तक संपतं. पुढच्या एकोणचाळीस पुस्तकांत त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

या मालिकेच्या वाचकांना पुढे काय व्हावंसं वाटत होतं, आणि अजूनही काय वाटतं, याबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. कारण या वाचकांच्या अपेक्षा वरवरच्या नाहीत. मालिका जशी वाढली, तशी तिनं आपल्या वाचकाला अपेक्षा करायला शिकवलं. 'पुढे काय?' हा प्रश्न तिच्यात सुरुवातीला फारसा नव्हता. तो हळूहळू आला आणि मग दुसरं काही उरलंच नाही.

माझ्यापर्यंत ही पुस्तकं समुद्रावरून आली. माझा आतेभाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला होता. खलाशांच्या खोलीत वाचून टाकून दिलेली पुस्तकं तो सुट्टीवर येताना पिशवीत भरून आणायचा. खाऱ्या हवेनं पानं फुगलेली, कोपरे गोल झालेले. क्रम वगैरे काही नाही. पहिल्यांदा हाती आलं ते एकोणिसावं पुस्तक, मग तिसरं, मग आठवं. जगाखाली कासव आहे हे वाचून मला नवल वाटलं नाही. मंथनाच्या वेळी मंदार पर्वत पाठीवर पेलणारा कूर्म आपल्याला बालपणापासून माहीत असतो, आणि आमच्याकडच्या देवळांत गाभाऱ्यासमोर जमिनीत कोरलेलं कासव ओलांडायचं नसतं, त्याच्या बाजूनं जायचं असतं, हेही. प्रॅचेट यांनी ही कल्पना जगभरच्या अशाच जुन्या कथांमधून उचलली होती. म्हणून पहिल्याच पानावर मला ओळखीच्या अंगणात शिरल्यासारखं वाटलं.

पहिलं पुस्तक, 'द कलर ऑफ मॅजिक', नोव्हेंबर १९८३मध्ये आलं. प्रॅचेट तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. शाळा सोडून सतराव्या वर्षी ते स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाले होते, आणि या सुमारास इंग्लंडच्या वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते. अणुवीज केंद्रांबद्दल पत्रकारांना उत्तरं देणं हे त्यांचं काम. १९८७मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ते पूर्णवेळ लिहू लागले.

सुरुवातीच्या त्या पुस्तकांना आमच्या मुलखातली एक गोष्ट फार जवळची आहे, ती म्हणजे दशावतार. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की दक्षिण कोकणात रात्री देवळापुढे दशावतारी उभे राहतात. आधी आडदशावतार. गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, मग काळ्या वेषातला संकासुर वेद पळवतो. देवांची भाषा पुस्तकी आणि संकासुराची मालवणी. तो समोर बसलेल्या माणसांशी बोलतो, गावातल्या गोष्टी काढतो, सगळे हसून लोळतात. मग रात्र चढली की आख्यान. कोणतं आख्यान लावायचं आणि कोण कोणाचं काम करणार एवढं ठरलेलं असतं. संवाद कुठेही लिहिलेले नसतात, ते तिथेच, पेटीच्या आणि मृदंगाच्या साथीनं जन्मतात. शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. राक्षस मरणार आणि पहाटे दहीकाला होणार. तरी माणसं थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात, कारण काय होणार याची उत्सुकता त्यांना नसतेच. आज हे कसं रंगवतात, याची असते.

प्रॅचेट यांची पहिली दोन पुस्तकं अशीच वाचायची. रिन्सविंड नावाचा एक जादूगार आहे, त्याला जादू येत नाही, पळता मात्र उत्तम येतं. त्याच्याबरोबर त्या जगातला पहिलाच पर्यटक आहे, आणि त्या पर्यटकाचं सामान ज्यात भरलंय ती लाकडी पेटी शेकडो चिमुकल्या पायांवर त्याच्यामागून धावत असते. पुस्तकात तिला जे नाव आहे त्याला मी मनात कायम 'पेटारा' म्हणत आलो. दशावतारी कंपनीचा सगळा संसार, मुकुट, साड्या, रंग, तलवारी, ज्या पेटाऱ्यात भरून गावोगाव जातो, तोच माझ्या डोळ्यांसमोर आला. या पुस्तकांत वाचकाची अपेक्षा एवढीच असते, की हा आता कुठे पळतो आणि पेटारा कुणाला गिळतो. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी रिन्सविंड जगाच्या काठावरून खाली पडतो, तेव्हाही 'हा वाचतो कसा?' एवढाच प्रश्न असतो. वाचणार हे आपल्याला माहीतच असतं.

मग काहीतरी बदललं. १९८७मध्ये दोन पुस्तकं आली. 'इक्वल राइट्स'मध्ये ग्रॅनी वेदरवॅक्स ही डोंगरातली करारी चेटकीण आली आणि 'मॉर्ट'मध्ये खुद्द मृत्यू मुख्य पात्र झाला, ज्याला माणसांबद्दल कुतूहल आहे. १९८९मध्ये 'गार्ड्स! गार्ड्स!' आलं. अंख-मॉरपॉर्क या गलिच्छ, गजबजलेल्या शहराच्या रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांची ही गोष्ट. त्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स पहिल्याच प्रसंगात दारू पिऊन गटारात पडलेला आहे. या माणसाचं पुढचं आयुष्य मी इथे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते मालिकेचं सगळं वळण त्याच्यात आहे. १९९३च्या पुस्तकात त्याचं लग्न होतं आणि तो कमांडर होतो. १९९७मध्ये त्याच्या मनाविरुद्ध तो ड्यूक होतो. २००२च्या 'नाइट वॉच'मध्ये त्याला मुलगा होतो. २००५च्या 'थड!'मध्ये, शहरात दंगल पेटायच्या बेतात असताना, तो रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला घरी पोचतो, कारण सहा वाजता मुलाला पुस्तक वाचून दाखवायचं असतं. एक दिवस चुकला तर पुढे सगळंच चुकत जाईल, असं त्याला वाटतं. गटारातला तो माणूस आणि हा बाप एकच आहे, आणि मध्ये सोळा वर्षं गेली आहेत. आपल्यासाठीही तेवढीच.

आख्यानातला भीम कधी म्हातारा होत नाही. व्हाइम्स होतो. जो लेखक आपल्या माणसांचं वय वाढू देतो, तो वाचकाला त्यांच्या उद्याची काळजी करायला लावतो. व्हाइम्सचा मुलगा मोठा होऊन काय करेल, बापाच्या मार्गानं जाईल की आईच्या, हे मग आपल्याला हवंच असतं.

दुसरं वळण शहराचं. याकडे माझं फार उशिरा लक्ष गेलं. १९९०च्या 'मूव्हिंग पिक्चर्स'मध्ये त्या जगात सिनेमा येतो. १९९४च्या 'सोल म्यूझिक'मध्ये विजेच्या गिटारीसारखं धुंद संगीत येतं. पण पुस्तक संपता संपता दोन्ही नाहीसं होतं. आलेली नवी गोष्ट जगाला धोका ठरते आणि शेवटी जग होतं तसं होतं. आख्यानासारखंच. पहाट झाली, मुकुट पेटाऱ्यात गेले. १९९९नंतर मात्र आलेली गोष्ट जायचं नाव घेत नाही. 'द फिफ्थ एलिफंट'मध्ये उंच मनोऱ्यांवरून झडपांच्या उघडझापीनं संदेश पाठवणारी 'क्लॅक्स' आली ती राहिली. २०००मध्ये वर्तमानपत्र आलं, तेही राहिलं. बातमीदारीत वाढलेल्या प्रॅचेट यांनी ते पुस्तक किती जीव लावून लिहिलंय, ते छपाईच्या प्रसंगांत जाणवतं. २००४मध्ये मॉइस्ट फॉन लिपविग हा फाशीवरून उतरवलेला ठग बंद पडलेलं टपाल खातं पुन्हा उभं करतो. २००७मध्ये तोच कागदी पैसा आणतो. आणि २०१३च्या 'रेझिंग स्टीम'मध्ये आगगाडी.

हे पुस्तक मी कुडाळ स्टेशनच्या फलाटावर वाचायला सुरुवात केली, हा योग मी मुद्दाम जुळवून आणला होता. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला रोह्यापासून मंगळुरूपर्यंत पूर्ण सुरू झाली. त्याआधी किती वर्षं नुसत्या मोजण्या आणि चर्चा ऐकल्या होत्या. कऱ्हाडकडून येणार की किनाऱ्यानं, असे वाद जुनी माणसं अजून सांगतात. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल, आणि या सगळ्यांपेक्षा चिवट ठरलेला पेडण्याचा बोगदा, जिथे खडक नसून भिजलेली माती होती आणि खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळत होतं. प्रॅचेट यांच्या पुस्तकातही रूळ जमिनीशी भांडत पुढे जातात, आणि त्या रुळांच्या बाजूला कालपर्यंत कुणी न विचारलेल्या गॉब्लिन नावाच्या जमातीची माणसं पहिल्यांदा मजुरी घेऊन उभी राहतात. गाडी आली की गणपतीला येणारा चाकरमानी कसा बदलतो, आंब्याच्या पेट्या कशा बदलतात, लग्नाचं स्थळ किती लांबचं चालतं हेही कसं बदलतं, ते आम्ही पाहिलंय. म्हणून या पुस्तकावर टीका झाली तरी मी त्याच्या बाजूचा आहे. टीकेत तथ्य आहे. पात्रं लांबलचक बोलतात आणि बरीचशी एकाच आवाजात बोलतात, पूर्वीची धार कमी झालीय. पण एक जग कथेच्या तळातून इतकं हलताना मी दुसऱ्या कुठल्या विनोदी मालिकेत पाहिलं नाही.

याच पुस्तकात एक फार जुनी अपेक्षा पुरी झाली. या जगातल्या बुटक्यांच्या जमातीत बाई आणि पुरुष बाहेरून ओळखता येत नाहीत, सगळ्यांनाच दाढी, सगळेच स्वतःला पुरुष म्हणवतात. १९९६च्या 'फीट ऑफ क्ले'मध्ये, म्हणजे माझ्या हाती पहिल्यांदा आलेल्या त्या एकोणिसाव्या पुस्तकात, चीरी लिटलबॉटम ही पहारेकरीण ओठांना रंग लावते आणि आपण बाई आहोत हे उघड सांगते. तिथून वाचक वाट पाहत होते, की हे कुठवर जाणार. सतरा वर्षांनी बुटक्यांचा राजाच सगळ्यांसमोर सांगतो, की मी राणी आहे. अशी दीर्घ पेरणी करणाऱ्या लेखकाकडून लोकांनी अपेक्षा ठेवल्या, यात त्यांचं काय चुकलं?

मध्ये डिसेंबर २००७ येऊन गेला होता. प्रॅचेट यांनी स्वतःच जाहीर केलं, की त्यांना कमी वयात होणारा अल्झायमर झालाय. मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणारा, दृष्टीचं आकलन आधी बिघडवणारा प्रकार. टाइप करणं अवघड होत गेलं, तसे ते सहायक रॉब विल्किन्स यांना आणि बोललेलं लिहून घेणाऱ्या संगणकाला मजकूर सांगू लागले. तशात २००९ ते २०१३ या काळात मालिकेची चार पुस्तकं आली आणि पाचवं ते हयात नसताना, ऑगस्ट २०१५मध्ये. १२ मार्च २०१५ला ते गेले, सहासष्टाव्या वर्षी. या आठ वर्षांत आमच्यासारख्यांच्या अपेक्षांचा सूर पालटला. पूर्वी कुडाळात आम्ही तिघं-चौघं भेटलो, की राज्यकर्ता व्हेटिनारीच्या मागे गादीवर कोण, यावर वाद घालायचो. माझं मत मॉइस्टच्या बाजूनं, कारण टपाल, टांकसाळ, रेल्वे असं एकेक खातं त्याच्या हाती देत व्हेटिनारी त्याला तयारच करतोय असं मला दिसत होतं. नंतर वाद कमी झाले. पुढचं पुस्तक हाती पडलं की आधी जाडी बघायचो.

ज्यांनी शेवटचं 'द शेफर्ड्स क्राउन' वाचलेलं नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. त्यात ग्रॅनी वेदरवॅक्स मरते, तेही पुस्तकाच्या सुरुवातीलाच. मृत्यू येणार हे तिला आधी कळतं. ती घर झाडते, घासूनपुसून ठेवते, स्वतःसाठी वेताची पेटी विणते, बिछान्यावर आडवी होते. घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर सारवलेली जमीन आणि घडी घालून ठेवलेलं लुगडं पाहिलेल्या कुणालाही ती पानं लगेच ओळखता येतील. तिच्या जागी टिफनी एकिंग येते, मेंढपाळांच्या घरातली मुलगी. लेखकानं स्वतःचा वारसा असा एका तरुण मुलीच्या हाती दिल्यासारखं वाटतं. विल्किन्स यांनी पुस्तकाच्या अखेरीस लिहिलंय, की गोष्टीला आदि-मध्य-अंत होता, पण वेळ मिळाला असता तर प्रॅचेट तिच्यावर आणखी काम करत राहिले असते.

मग वारस कोण, हा प्रश्न आलाच. प्रॅचेट यांची मुलगी रिॲना स्वतः लेखिका आहे. मालिका पुढे तिच्याकडे जाईल असं आधी बोललं गेलं होतं. २०१५मध्ये तिनं स्पष्ट केलं, की आणखी कादंबऱ्या येणार नाहीत, ना तिच्या हातून, ना दुसऱ्या कुणाच्या. खरं सांगतो, तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आमच्याकडे बापाचा मुकुट मुलगा डोक्यावर घेतो आणि त्याच रात्री गाव त्याला स्वीकारतं. दशावताराच्या कंपन्या अशाच पिढ्यान् पिढ्या चालल्या. पण विचार करता करता फरक लक्षात आला. दशावतारातली कथा कुणा एकाची नाही आणि तिच्यातली वाक्यं पहाटेबरोबर विरून जातात. दुसऱ्या रात्री दुसऱ्यानं दुसरी बोलावीत हाच त्या कलेचा धर्म. प्रॅचेट यांच्या पुस्तकांत मात्र जे आहे ते वाक्यांतच आहे. तळटिपा, शब्दांच्या कोलांट्या, रागाचं हसू. ते उसनं घेऊन कुणी चालवलं असतं, तर पात्रांची नावं तेवढी उरली असती.

त्यांची स्वतःची इच्छाही तशीच होती. अर्धवट राहिलेलं लिखाण ज्या हार्ड डिस्कवर होतं, ती रस्ता दाबणाऱ्या वाफेच्या रोलरखाली चिरडावी, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. २५ ऑगस्ट २०१७ला डॉर्सेटमधल्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत ते केलं गेलं. रोलर वरून कितीदा गेला तरी डिस्क पुरती मोडेना, म्हणून शेवटी ती दगड फोडणाऱ्या यंत्रात घातली. तिचे तुकडे मग सॉल्झबरीच्या संग्रहालयात मांडले होते.

तरी काही धागे बाहेर राहिलेच. विल्किन्स यांनी 'द शेफर्ड्स क्राउन'च्या अखेरच्या टिपणात काही न लिहिलेल्या गोष्टींचा ओझरता उल्लेख केलाय. विसराळू झालेल्या म्हाताऱ्यांचा एक गट हरवलेला खजिना शोधतो आणि काळ्या शक्तीला हरवतो, ही एक. स्मृती हातातून निसटत असलेल्या माणसानं हे कथानक मनात धरलं होतं, हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून अंगणात जाऊन बसलो होतो. गॉब्लिन जमातीत घडलेला गुन्हा उलगडणारा तरुण शिपाई, ही दुसरी. आणि मॉरिस हा बोलका बोका जहाजावर जातो, ही तिसरी. मॉरिसच्या पहिल्या पुस्तकाला कार्नेगी पदक मिळालं होतं, आणि त्यावर २०२२मध्ये ॲनिमेशनपट आला. जहाजावरचा मॉरिस मात्र आता कुणालाच भेटणार नाही. माझा आतेभाऊ याच गोष्टीसाठी सगळ्यात जास्त हळहळतो. त्यानं बोटीवर अशी मांजरं पाहिलीत, बंदर लागलं की उतरणारी आणि भोंगा वाजायच्या आत परत येणारी.

बाकीच्यांच्या मनात वेगवेगळं आहे. मृत्यूची नात सुसान २००१च्या 'थीफ ऑफ टाइम'नंतर कुठल्या कादंबरीत आलीच नाही. आमच्यातल्या एका शिक्षिकेला तिचं वर्गातलं पुढचं आयुष्य हवं होतं. कुणाला मॉइस्टनं कर गोळा करताना पाहायचं होतं. मला अजूनही ती पिल्लं हवीत.

वायंगणीहून परतताना भाचीला मी त्या आठ पिल्लांची गोष्ट सांगितली. त्यांच्या पाठीवरची जगं कशी आहेत, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, पुस्तकात लिहिलंय की ती इतकी नवी आहेत, की त्यांच्यावर अजून नुसता धूर आणि ज्वालामुखी आहेत. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"मगे थंय माणसां कधी येतली?"